रोकडीची बेगमी

वैशाख सरत आला की शिराळा तालुक्याच्या पश्चिमेकडील, चांदोलीच्या डोंगरांना लागून असलेल्या गावांत पुढील चार महिन्यांच्या पावसाची तजवीज ज्या बारकाईने केली जाते, ती पाहिली म्हणजे या मातीतील माणसाला दूरदृष्टी नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. सरपण आणि शेण्या कोरड्या जागी रचून ठेवलेल्या असतात, वैरणीची गंजी शाकारलेली असते, वर्षाची चटणी कुटून बरण्या भरलेल्या असतात, तांदूळ आणि नाचणी किती दिवस पुरेल याचा अदमास घरातील वडीलधाऱ्या बाईच्या मनात पक्का असतो. आणि या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, धूळवाफेवर पेरावयाचे भाताचे बियाणे, घरात कितीही ओढगस्त असली तरी, शिजवावयाच्या धान्यात मिसळू दिलेले नसते. उसनवारी करून दिवस काढावे लागले तरी चालतील, परंतु बियाण्याला हात लावायचा नाही, हा नियम त्या घरात कोणी लिहून ठेवलेला नसतो आणि तो मोडण्याचा विचारही कोणाच्या मनाला शिवत नाही.

त्याच घरात उसाच्या बिलाची किंवा मुंबईहून मुलाने पाठवलेली रोख रक्कम आली म्हणजे मात्र निराळे दृश्य दिसते. दुकानदाराची जुनी बाकी फिटते, कोणाच्या तरी लग्नाचा आहेर होतो, मुलाच्या हाती नवा मोबाईल येतो, उरलेली रक्कम ‘लागेल तेव्हा लागेल’ म्हणून कपाटात किंवा बचत खात्यात मोकळी पडून राहते; आणि पंधरा-वीस दिवसांनी औषधपाण्याचा अथवा शाळेच्या फीचा प्रसंग आला की ती रक्कम कोठे गेली याचा जमाखर्च कोणालाच लागत नाही. एकाच माणसाच्या अंगी धान्याच्या बाबतीत इतका कडक संयम आणि रोकडीच्या बाबतीत इतका सैल हात कसा असू शकतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधणे व्यर्थ आहे. धान्याला त्याच्या घरात ठरलेली जागा आहे आणि ठरलेले प्रयोजन आहे. रोकडीला यांपैकी काहीच नाही. म्हणून थोड्या मिळकतीच्या आणि खर्चिक सवयीच्या माणसाने शिल्लक टाकावयाची असेल, तर प्रकृती पालटण्याच्या खटाटोपात त्याने आपली शक्ती वेचू नये; पैसा हातात पडण्यापूर्वीच त्याची जागा आणि त्याचे प्रयोजन ठरवून टाकावे, आणि ते ठरवणे त्याला सुलभ व्हावे अशी व्यवस्था त्याच्या भोवतीच्या संस्थांनी करावी, एवढेच माझे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन पुढे नेण्यापूर्वी एका अन्यायाचे निराकरण करणे अवश्य वाटते. गरीब माणूस उधळ्या असतो म्हणूनच तो गरीब राहतो, हा आरोप फार जुना आहे. १८७५ सालच्या मे महिन्यात सुपे येथून सुरू होऊन पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या उठावात रयतेने सावकारांच्या घरांतील दस्तऐवज शोधून त्यांची होळी केली, तेव्हा त्या प्रकरणाच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. कुणबी लग्नकार्यात पैसा उडवतो आणि त्यामुळेच सावकाराच्या कचाट्यात सापडतो, असे त्या काळी कचेरीपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र बोलले जात असे. आयोगाने मात्र असा निष्कर्ष काढला की, कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नाच्या खर्चाला वाजवीपेक्षा फार अधिक महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग एका कुटुंबात वारंवार येत नाहीत, आणि बी-बियाणे, बैल, अन्नवस्त्र व सरकारसारा यांसाठी पुनःपुन्हा काढाव्या लागणाऱ्या लहान लहान रकमाच व्याजाने फुगत जाऊन रयतेला बुडवतात. पुढे १८७९ साली जो दख्खन शेतकरी कायदा झाला, तो पुणे, अहमदनगर आणि सोलापूर यांच्याबरोबर सातारा जिल्ह्यालाही लागू करण्यात आला. आणि आजचा शिराळा तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यातच मोडत होता.

आयोगाच्या या निष्कर्षातून दोन धडे घ्यावयाचे आहेत. मिळकतच अपुरी असेल तर काटकसरीचा कितीही उपदेश केला तरी त्याने पोट भरत नाही, म्हणून मजुरी, ऊसदर आणि दूधदर यांचा लढा बचतीच्या उपदेशाने कधीही मागे पडता कामा नये, हा पहिला. दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. माणसाला बुडवणारी रक्कम पुष्कळदा लहान असते; ऐन वेळी गाठीला दोन-चार हजार रुपये नसल्यामुळे ते बाहेरून उचलावे लागतात आणि मग त्या उचलीचे व्याज वर्षानुवर्षे चालते. दरमहा शेकडा पाच या दराने आजही खेडोपाडी पैसे फिरवले जातात, आणि या दराचा अर्थ वर्षाला शेकडा साठ असा होतो. वीस हजार रुपयांच्या अशा कर्जावर मुद्दल एका पैशानेही न हलता वर्षाकाठी १२,००० रुपये केवळ व्याजापायी जातात. ज्याच्याजवळ स्वतःची वीस हजारांची शिल्लक आहे, त्याला टपाल कचेरी किती व्याज देते हा प्रश्न गौण आहे. सावकाराच्या दारात जावे लागले नाही, हीच त्या शिल्लकेची खरी कमाई होय.

आता शिराळ्याच्या मिळकतीचे स्वरूप पाहू, कारण खर्चाची सवय ही बहुतांशी मिळकतीच्या चालीने घडते. वारणा आणि मोरणा या नद्यांच्या काठी ऊस आहे; त्याचे पैसे गाळपाच्या हंगामात मोठ्या रकमेने येतात, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत ते मिळावेत असा नियम आहे, आणि एखादा राखून ठेवलेला हप्ता दिवाळीच्या तोंडावर देण्याची सहकारी कारखान्यांची जुनी वहिवाट आहे. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी येतात. त्यांवर बहुधा घरातील स्त्रीची नजर असते आणि त्यांतूनच तेल-मीठ, वही-पेन व दवाखाना चालतो. डोंगरकपारीच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरलेली आहे, पूर्वी गिरणीत आणि पुढे बाजारपेठांतील माथाडी कामात; तेथून येणारी रक्कम महिन्याची असते. शेतमजुराची मजुरी आठवड्याची किंवा रोजची असते आणि ती बाजाराच्या दिवसापलीकडे क्वचितच टिकते. चार प्रकारच्या या चार मिळकतींना एकच उपदेश लागू पडणार नाही. वर्षातून दोनदा मोठी रक्कम पाहणाऱ्या ऊस उत्पादकाचा मोह हा मोठ्या खरेदीचा मोह असतो. रोज थोडे मिळवणाऱ्या मजुराची गळती चहा, तंबाखू आणि रिचार्ज अशा लहान लहान वाटांनी होते. दिवसाला ४० रुपये अशा किरकोळ खर्चात गेले तर महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये होतात, हा हिशेब मांडून त्या मजुराला लाजवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. दहा तास राबणाऱ्या माणसाचा चहा हा त्याचा हक्क आहे. परंतु त्या चाळिसांतील दहा रुपये सकाळीच बाजूला पडले असते, तर उरलेल्या तिसांत त्याचा दिवस तितक्याच समाधानाने गेला असता, हेही तितकेच खरे आहे.

शिराळ्यातील खर्चाचा आणखी एक धागा आहे, आणि त्याला केवळ उधळपट्टी म्हणून हिणवणे म्हणजे येथील माणूस न ओळखणे होय. नागपंचमी हा या गावाचा सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात, मुंबईचे चाकरमानी सुट्टी काढून येतात, पाहुण्यांनी घर भरते, आणि आलेल्या लेकीची ओटी रिकामी राहू नये, पाहुणा उपाशी जाऊ नये, यासाठी घरधनी हात आखडता घेत नाही. बेंदराला बैलाचा साज, गावच्या यात्रेची वर्गणी, भावकीतल्या लग्नाचा आहेर, या सर्व ठिकाणी पैसा जातो तो प्रेमापोटी आणि प्रतिष्ठेपोटी. हा खर्च करणारा माणूस दुर्व्यसनी नाही. तो आपल्या समाजात ताठ मानेने उभा राहू इच्छितो. म्हणूनच अशा खर्चाला एकट्या माणसाने आवर घालणे अत्यंत कठीण असते, कारण एकाने हात आखडला की लोक त्याच्या गरिबीकडे बोट दाखवतात, आणि सर्वांनी मिळून आखडला तर त्याचीच रीत होते.

अशी रीत पाडून दाखवण्याचे सामर्थ्य याच भूमीने एकदा प्रकट केलेले आहे. १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार उभे राहिले, त्याचा रेल्वे आणि सरकारी खजिन्यांवरील चढायांचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली, सावकारांच्या जुलमाला पायबंद घातला आणि हुंडा, मानपान व डामडौल यांना फाटा देऊन अल्प खर्चात होणारी ‘गांधी लग्ने’ लावली, हे कार्य मला त्याहून कमी मोलाचे वाटत नाही. ज्या शेतकऱ्याला मुलीचे लग्न म्हणजे दहा वर्षांचे कर्ज असे वाटत होते, त्याला कर्जाविना लग्न होऊ शकते आणि त्यात अप्रतिष्ठा नाही, असा निर्वाळा साऱ्या गावाच्या साक्षीने मिळाला. येडेमच्छिंद्र हे नाना पाटलांचे गाव शिराळ्याच्या शेजारच्याच वाळवा तालुक्यातील. ज्या परिसराने लढ्याच्या धामधुमीत ही सुधारणा घडवून आणली, त्याच परिसरात आज लग्नापूर्वीच्या चित्रीकरणापासून ध्वनिक्षेपकाच्या भिंतींपर्यंतचा खर्च मध्यम स्थितीच्या शेतकऱ्यालाही ‘करावाच लागतो’ असे वाटावे, ही खेदाची गोष्ट आहे. आणि ग्रामसभांनी, तरुण मंडळांनी व भावकीतील जाणत्या लोकांनी एकत्र बसून आपापल्या गावापुरती लग्नखर्चाची मर्यादा ठरवली, तर ती आजही पाळली जाईल, याविषयी मला शंका नाही.

सामुदायिक खर्चाची ही बाजू झाली. व्यक्तीच्या बचतीची बाजू पाहिली तरी तेथेही अनुकरणीय उदाहरणे आपल्याच घराशी आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे; त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि गोरगरिबांच्या मुलांच्या वसतिगृहाचा प्रपंच चालवण्यासाठी जो मुष्टिफंड सुरू केला, त्यात घरोघरच्या स्त्रिया दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य संस्थेसाठी वेगळे काढून ठेवीत. या योजनेचे सारे मर्म तिच्या क्रमात आहे. स्वयंपाक झाल्यावर जे उरेल ते संस्थेला द्यावे असे ठरले असते, तर कोणत्याही घरात काही उरले नसते. मूठ आधी निघत होती आणि भाकरी नंतर होत होती, म्हणूनच दारिद्र्याने गांजलेल्या घरांनीही शेकडो मुलांचे शिक्षण तोलून धरले. मुंबईच्या गिरणी कामगाराची मनीऑर्डर हीदेखील याच क्रमाने चालत असे. टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डरची सोय सुरू केली आणि १८८२ साली बचत बँक उघडली. पगाराच्या दिवशीच टपाल कचेरीच्या खिडकीशी उभा राहून गावाकडचे पैसे रवाना करणारा कामगार उरलेल्या पैशांत महिना काढावयास शिके, आणि जो ते काम दहा तारखेवर टाकी त्याच्या घरी पोस्टमनची वाट पाहून डोळे शिणत.

माथाडी कामगारांच्या बाबतीत तर हा क्रम कायद्यानेच बांधून दिलेला आहे. सातारा जिल्ह्यातील मंद्रूळ कोळे गावच्या अण्णासाहेब पाटील यांनी ओझी वाहणाऱ्या असंघटित कामगारांची संघटना उभारली, आणि त्या चळवळीच्या रेट्यामुळे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या कायद्यान्वये मालकाने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक आकार माथाडी मंडळाकडे भरावयाचा असतो, आणि त्यातून कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस व रजेचा पगार यांची तरतूद होते. पूर्वी दिवसभर गोण्या वाहून संध्याकाळी हातात पडेल तेवढीच ज्याची मिळकत होती, त्या माणसाला म्हातारपणी गावी परतताना काही एक गठ्ठा रक्कम घेऊन परतता येते, ती त्याचा निग्रह वाढला म्हणून नव्हे. त्याच्या मिळकतीचा तो भाग त्याच्या खिशात येण्यापूर्वीच योग्य जागी पोहोचतो म्हणून.

सातारा जिल्ह्यातीलच, परंतु अवर्षणग्रस्त माण तालुक्यातील म्हसवडचे उदाहरण याहून बोलके आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली तेथे माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. रस्त्याकडेला लोखंडकाम करणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यापूर्वी पालावर घालण्यासाठी प्लास्टिकचा कागद घ्यावयाचा होता, त्यासाठी ती रोज थोडे पैसे साठवू इच्छीत होती, आणि रक्कम फारच लहान म्हणून कोणतीही बँक तिचे खाते उघडावयास तयार नव्हती. या एका प्रसंगातून त्या बँकेची कल्पना निघाली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत या कारणावरून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला, तेव्हा त्या स्त्रिया लिहावयास व वाचावयास शिकल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे जाऊन, आम्हांला व्याजाचा हिशेब घाला, तो आम्ही तोंडी करून दाखवतो, असे म्हणाल्या. बँक सुरू झाल्यावर, रोजगार बुडवून शाखेत येणे परवडत नाही असे स्त्रियांनी सांगितले, म्हणून बँकेची माणसे त्यांच्या दारी जाऊ लागली; आणि पासबुक घरी नेले तर नवरा ते पाहून पैसे मागतो, अशी अडचण त्यांनी मांडली, तेव्हा तिच्यावरही उपाय शोधला गेला. खर्चिक सवय पुष्कळदा घरातील एकाची असते आणि शिल्लक टाकण्याची धडपड दुसऱ्याची असते. त्या दुसऱ्या माणसाच्या पैशाला घरातल्याच सैल हातापासून संरक्षण हवे असते, हे सत्य एवढ्या स्पष्टपणे ओळखणारी संस्था विरळाच.

दारी येऊन रोजची लहान ठेव घेण्याची पद्धत आपल्याकडे पिग्मी या नावाने पतसंस्थांनी घरोघर नेली आहे. तिचा उगम कर्नाटकातील उडुपीचा. तेथील सिंडिकेट बँकेने १९२८ साली विणकर आणि छोटे व्यापारी यांच्याकडून रोज दोन आणे गोळा करावयास आरंभ केला. पानपट्टीवाला, भाजीवाली किंवा गॅरेजमधला कामगार बँकेत जाऊन ठेव ठेवणार नाही, परंतु संध्याकाळी पिग्मीवाला समोर उभा राहिला की पन्नास रुपये काढून देतो, कारण नाही म्हणावयास जेवढा विचार लागतो तेवढाही देण्यास लागत नाही. आळीतल्या स्त्रियांची भिशीदेखील याच बळावर चालते. दहा जणींसमोर आपला हप्ता चुकू नये, ही लाज तेथे पहारेकऱ्याचे काम करते. सैल हाताच्या माणसाने आपल्या निश्चयावर विसंबण्याऐवजी अशा बाहेरच्या बंधनांचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. पाऊस कोसळू लागल्यावर भातखाचराचा बांध घालू पाहणाऱ्याच्या हाती चिखलच येतो. मोहाचा क्षण समोर उभा ठाकल्यावर संयमाची उभारणी करू पाहणाऱ्याचे तेच होते.

बांध आधी घालण्याची निकड आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. २०१६ साली मोबाईलवरून पैसे देण्याची युपीआय व्यवस्था सुरू झाली आणि काही वर्षांतच ती चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. तिने व्यवहार सुलभ केला हे निर्विवाद. परंतु कनवटीची नोट काढताना, ती मोडावी की न मोडावी असा जो क्षणभर विचार होत असे, तो तिने नाहीसा केला. त्यातच मोबाईल, दुचाकी आणि घरगुती वस्तू हप्त्यांवर मिळू लागल्यामुळे, पुढच्या वर्षीची मिळकत या वर्षीच खर्च करण्याची सोय झाली. अशा स्थितीत थोड्या मिळकतीच्या माणसाने दोन खाती ठेवावीत असे मी आग्रहाने सुचवीन. एक खाते मोबाईलला जोडलेले, त्यातून महिन्याचा खर्च मोकळ्या मनाने करावा. दुसरे खाते टपाल कचेरीत किंवा बँकेच्या शाखेत, ज्याला कार्डही नाही आणि मोबाईलही जोडलेला नाही, ज्यातून पैसे काढावयाचे तर एक दिवस मोडून, रांगेत उभे राहून, चिठ्ठी भरून काढावे लागतील. ही गैरसोयच त्या पैशाची राखण करते. मिळकत येताच ठरलेला भाग प्रथम दुसऱ्या खात्यात जावा, आणि उरलेल्या पैशांत एक लहानशी रक्कम हातखर्च म्हणून नावानिशी वेगळी काढावी, जिचा हिशेब घरातील कोणीही विचारू नये. ज्या काटकसरीत माणसाच्या हौसेला अजिबात थारा नसतो, ती दोन महिन्यांत मोडते आणि मोडताना आधी साठलेलेही घेऊन जाते.

रकमा लहान आहेत म्हणून कोणी निराश होऊ नये. टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा किमान १०० रुपयांपासून भरता येतात. तिचा २०२४ सालचा ६.७ टक्के व्याजदर धरला, तर दरमहा १,००० रुपये भरणाऱ्याचे साठ हप्त्यांत ६०,००० रुपये जमा होतात आणि मुदतीअखेर सुमारे ७१,००० रुपये त्याच्या हाती येतात. दुधाच्या दर दहा दिवसांच्या बिलातून एखाद्या बाईने केवळ २०० रुपये बाजूला काढले, तर महिन्याला ६०० होतात आणि त्याच दराने पाच वर्षांनी ४२,००० रुपयांहून अधिक रक्कम तिची स्वतःची होते. या ठेवीतून मध्येच पैसे काढणे अवघड असते, याला पुष्कळजण दोष मानतात. खर्चिक माणसाच्या दृष्टीने तोच तिचा मोठा गुण आहे. खरोखरीची नड आली तर बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळण्याची सोय तीत आहे, म्हणजे ठेव न मोडता प्रसंग निभावता येतो. मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल, तर २०१५ साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत वर्षाला २५० रुपयांपासून भरता येतात. आणि मुलीच्या नावाची ठेव मोडावयास बापाचा हात सहसा धजत नाही, हा अनुभव व्याजापेक्षा मोलाचा आहे.

पैसा बाजूला काढणे हे अर्धे काम झाले. तो सुरक्षित जागी ठेवणे हे उरलेले अर्धे. सांगली जिल्ह्याने सहकारातील उत्तम संस्था पाहिल्या, तशाच बुडालेल्या संस्थांच्या दारात ठेवपावत्या घेऊन बसलेले वृद्धही पाहिले. वाळवा तालुक्याच्या परिसरातून पसरलेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेत झटपट नफ्याच्या आशेने पैसे घातलेल्या शेतकऱ्यांनी २०१९ साली फसवणुकीच्या तक्रारी गुदरल्या, ही गोष्ट फार जुनी नाही. पै पै करून पाच वर्षांत जमवलेली पुंजी एका महिन्यात दामदुपटीच्या आमिषाने गमावणाऱ्या माणसाचे दुःख उधळ्या माणसाच्या दुःखाहून अधिक दारुण असते, कारण त्यानंतर तो बचतीवरचा विश्वासच गमावतो. म्हणून हे ध्यानात असावे की, बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, आणि टपाल खात्यातील ठेवीमागे केंद्र सरकार उभे आहे. पतसंस्थेतील ठेवीला मात्र तो विमा लागू नाही. पिग्मी सोयीची आहे, ती जरूर चालवावी, परंतु तिची रक्कम काही हजारांवर गेली की ती उचलून बँकेत किंवा टपाल कचेरीत न्यावी, आणि शेकडा दहा-बारा व्याजाहून अधिक देतो असे सांगणाऱ्याला नम्रपणे परत पाठवावे.

आता संस्थांनी काय करावे, याविषयी माझी एक स्पष्ट मागणी आहे. आपल्याकडे विकास सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातून परस्पर वसूल होते. शेतकऱ्याच्या हाती पैसे पडण्यापूर्वीच धनकोचा हिस्सा वेगळा निघतो, आणि म्हणूनच ती वसुली होते. कर्ज फेडण्याच्या बाबतीत जो क्रम इतका परिणामकारक ठरला, तोच क्रम शेतकऱ्याच्या स्वतःच्या शिल्लकेसाठी का वापरू नये? शिराळा तालुक्यातील चिखलीच्या विश्वासराव नाईक कारखान्यासारख्या, आणि आसपासच्या सर्वच सहकारी साखर कारखान्यांनी व दूध संघांनी सभासदाला एक साधा अर्ज द्यावा: माझ्या बिलातील शेकडा पाच, किंवा मी सांगेन तेवढा भाग, माझ्या टपाल कचेरीतील अथवा बँकेतील मुदतीच्या खात्यावर परस्पर जमा करावा. बिले संगणकावर निघतात आणि पैसे बँकेतच जमा होतात, तेव्हा यात अवघड असे काहीच नाही. मात्र एक पथ्य कसोशीने पाळले पाहिजे. ऊसबिलातून ठेवी कापून त्या कारखान्याच्याच कामी वापरल्याचा आणि त्या परत मिळताना हेलपाटे पडल्याचा कटु अनुभव पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या गाठी आहे. म्हणून ही कपात पूर्णतः ऐच्छिक असावी, सभासदाला ती केव्हाही थांबवता यावी, आणि त्या रकमेचा एक रुपयाही कारखान्याच्या किंवा संघाच्या ताळेबंदात न शिरता सरळ सभासदाच्या नावे जावा. दुधाच्या बिलाच्या बाबतीत तर, गोठ्यात राबणाऱ्या स्त्रीच्या नावानेच खाते असावे, असा आग्रह दूध संस्थांनी धरावा.

शेतमजुरांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण त्यांचे बिल काढणारी संस्थाच नाही. त्यांच्यासाठी बचत गट, टपाल खात्याच्या महिला प्रतिनिधी आणि गावातील शाखा डाकघर यांनी बाजाराच्या आणि मजुरी वाटपाच्या दिवशी हजर राहून ठेव गोळा करावी. ऊसतोडणीच्या आणि भातकापणीच्या हंगामात मजुरी तुलनेने बरी असते. त्या दिवसांत साठवलेले दहा-वीस रुपये आषाढ-श्रावणातील रिकाम्या हातांना उपयोगी पडतात. त्या दोन महिन्यांतच मजुराला उचल घ्यावी लागते, आणि तीच उचल पुढील वर्षाची त्याची मजुरी आधीच विकून टाकते.

धान्याच्या बाबतीत हजारो वर्षांच्या अनुभवाने जे शहाणपण या मातीतील माणसाच्या अंगवळणी पाडले, ते रोकडीच्या बाबतीत अंगवळणी पडण्यास त्याला अवघ्या दोन-तीन पिढ्या मिळाल्या आहेत, आणि त्याच काळात त्याच्याकडून ती काढून घेण्याच्या युक्त्या मात्र अहोरात्र वाढत गेल्या. अशा माणसाला उधळ्या ठरवून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे आणि निष्फळही आहे. त्याच्या मिळकतीला न्याय्य दर मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. त्या मिळकतीतील एक भाग आधी बाजूला पडेल अशी सोय करणे हे त्याच्या संस्थांचे कर्तव्य आहे. आणि ती सोय झाल्यावर अर्जावर सही करून तो भाग पाच वर्षे न मोडणे हे त्याचे स्वतःचे कर्तव्य आहे. पहिल्या दोन कर्तव्यांसाठी त्याला इतरांशी भांडावे लागेल आणि ते त्याने अवश्य भांडावे. तिसऱ्याचा आरंभ मात्र येत्या दुधाच्या बिलापासून किंवा येत्या आठवड्याच्या मजुरीपासून त्याला कोणाचीही वाट न पाहता करता येईल.